वेव्हफॉर्म दिसत नाही, मग कट कुठं मारायचा?

प्रश्न: मी पूर्ण दृष्टिहीन आहे. वय २४, एम.ए. मराठी. गोष्टी वाचून फोनवर रेकॉर्ड करते. खोकला, चुकलेलं वाक्य, दारावरची बेल हे सगळं माझा भाचा काढून देतो, पण यंदा त्याची दहावी आहे. लॅपटॉप विंडोजचा आहे आणि एनव्हीडीए (पडद्यावर काय आहे ते बोलून सांगणारा फुकट स्क्रीन रीडर) वापरते. ओळखीच्या स्टुडिओत त्यांचं सॉफ्टवेअर चालवून बघितलं, तर एनव्हीडीए ‘पेन, पेन’ एवढंच म्हणत राहिला. तिथले दादा म्हणाले, “वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटांचं चित्र, दिसल्याशिवाय एडिटिंग होत नसतं.” व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी ऑड्यासिटी सांगतं, कुणी रीपर, कुणी गोल्डवेव्ह. नेमकं कुठलं घेऊ?
— एक वाचक, बार्शी

उत्तर: भाच्याला आधी अभ्यासाला सोडा. तुम्हाला आज लागणारं काम ऑड्यासिटीत होतं, ते फुकट आहे आणि एनव्हीडीएबरोबर नीट चालतं. रीपर पुढं लागेल, तेव्हा घ्या.

आता स्टुडिओतल्या दादांचं वाक्य. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि मिरजेत बसून मुलाखती, व्याख्यानं, बोलकी पुस्तकं संपादित करते. माझं पोट यावर चालतं, म्हणजे एडिटिंग होतं. वेव्हफॉर्मचा उपयोग नाही असं मात्र मी म्हणणार नाही. डोळस माणसाला तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये बेल कुठं वाजली ते चित्रात पटकन सापडतं, आपल्याला ऐकत जावं लागतं. शोधण्यातला वेळ तेवढा आपला जास्त जातो. पण कट बरोबर बसला की नाही, हे तेही कानानंच ठरवतात.

‘पेन, पेन’चं (पेन म्हणजे खिडकीतला नुसता एक कप्पा) कारणही सांगते, म्हणजे तुम्ही एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये उगाच डोकं फोडणार नाही. स्क्रीन रीडर पडद्याकडे बघत नसतो. या बटणाचं नाव काय, ते दाबलेलं आहे का, हे तो विंडोजमार्फत त्या सॉफ्टवेअरला विचारतो. काही कंपन्या आपली बटणं, पट्ट्या, मीटर हे सगळं स्वतःच चित्रासारखं रंगवतात आणि आत नाव ठेवत नाहीत. मग विचारलं तरी उत्तर येणार कुठून? अशा ठिकाणी एनव्हीडीएच्या जागी जॉज हा महागडा स्क्रीन रीडर आणलात तरी फारसा फरक पडत नाही. एखाद्या सॉफ्टवेअरसाठी कुणी खास स्क्रिप्ट (स्क्रीन रीडरला ती बटणं ओळखायला शिकवणारा छोटा प्रोग्राम) लिहिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी त्याची चाचणी-आवृत्ती उतरवायची आणि कुणाची मदत न घेता एक छोटं काम पूर्ण करून बघायचं: चार वाक्यं रेकॉर्ड करा, मध्ये मुद्दाम खोका, तो खोकला काढा, सांधा ऐका, काढलेलं परत आणा आणि शेवटी एमपी-थ्री करून फाईल फोनवर पाठवा. या सगळ्यात ‘मी आत्ता कुठल्या मिनिटाला, कुठल्या सेकंदाला उभी आहे’ याचं उत्तर मागितल्यावर मिळालं पाहिजे. ते मिळत नसेल तर बाकीच्या शंभर सुविधा आपल्या कामाच्या नाहीत. सॉफ्टवेअरच्या वेबसाइटवर ‘अ‍ॅक्सेसिबल’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका.

ऑड्यासिटी या चाचणीत पास होतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते सुरू झालं. त्यात बहुतेक प्रत्येक गोष्टीला मेनूतली ओळ आहे आणि जिथं मेनू आहे तिथं आपला स्क्रीन रीडर बोलतो. इन्स्टॉल केल्यावर पहिलं काम: प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्ड विभागात जाऊन डिफॉल्ट्स ‘फुल’ करून घ्या. नेहमीच्या ‘स्टँडर्ड’ संचात सगळी शॉर्टकट बटणं चालू नसतात, आणि आपल्या कामाची नेमकी त्या उरलेल्यांतच येतात. दुसरं, कीबोर्ड इंग्रजीवर आहे याची खात्री करा. इनस्क्रिप्ट मराठी चालू राहिला तर चौकटी कंसाच्या बटणावर ‘ड’ बसलेला असतो, आणि आपल्याला तर सारखे चौकटी कंसच लागतात.

आता तुमचा खोकला काढू. वर-खाली बाणांनी ट्रॅकवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या पट्टीवर, या. एनव्हीडीए तो निवडलेला आहे असं म्हणाला नाही तर एंटर दाबा. ट्रॅक निवडलेलाच नसल्यानं आज्ञा लागत नाही आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो, हे नवशिक्यांच्या बाबतीत नेहमीचं आहे. स्पेसनं आवाज चालू करा. चालू असताना उजवा-डावा बाण एकेक सेकंद पुढं-मागं नेतो, शिफ्टसकट दाबला तर पंधरा सेकंद. खोकला सुरू झाला की डावा चौकटी कंस, संपला की उजवा चौकटी कंस, मग स्पेसनं थांबवा. आता खोकला ढोबळमानानं निवडला गेला. ढोबळच, कारण हात कानाच्या मागं राहतो.

खरं काम इथून पुढचं. शिफ्ट एफ-५ दाबलं की निवडीच्या सुरुवातीआधीचा छोटा तुकडा ऐकू येतो, शिफ्ट एफ-६ नं सुरुवातीनंतरचा. एफ-७ आणि एफ-८ हेच शेवटच्या टोकासाठी करतात. (लॅपटॉपवर बहुधा एफएन बटणही सोबत दाबावं लागेल.) शिफ्ट एफ-५ मध्ये खोकल्याची सुरुवात ऐकू आली तर डावी कड मागं न्यायची: शिफ्ट आणि डावा बाण. कड शब्दाला लागत असेल तर कंट्रोल शिफ्ट उजवा बाण दाबून ती आत घ्यायची. पण हे बाण कितीनं सरकतात? पडद्यावरच्या एका ठिपक्यानं. म्हणजे झूम जेवढा जास्त, तेवढं पाऊल बारीक. दिसत नसलं तरी झूम आपल्या उपयोगाचा आहे तो असा: कंट्रोल १ दोन-चारदा दाबा, बाण मुंगीच्या पावलानं चालायला लागतात, कंट्रोल ३ नं परत मोठी पावलं. ही गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही, कारण शिकवणाऱ्याला वाटतं झूम म्हणजे बघण्याचं प्रकरण.

मग ‘सी’ दाबा. कट मारल्यावर कसं ऐकू येईल ते कट न मारताच ऐकू येतं. पटलं तर ‘झेड’, म्हणजे दोन्ही टोकं लाटेच्या शून्यावर जातात आणि सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येत नाही, आणि मग डिलीट.

कट कुठं मारावा, हे मराठी वाचणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण परदेशातल्या धड्यांत हे मिळणार नाही. प, त, ट, क या आवाजांच्या आधी तोंड क्षणभर बंद होतं आणि तिथं खरोखरीची शांतता असते. ‘मग काका’ यात ‘काका’च्या आधीची ती बारीक फट मिळाली की कट लपून जातो. स, श यांच्या मधोमध किंवा लांब स्वराच्या पोटात कट मारलात तर ऐकणाऱ्याला कळतंच. आणि श्वास सरसकट काढू नका. वाक्याआधीचा श्वास काढला की वाचणारी व्यक्ती पाण्याखालून बोलत्येय असं वाटतं. अर्धा श्वास ठेवून अर्धा कापला तर त्याहून वाईट. ठेवायचा तर अख्खा ठेवा.

मुळात कट कमी मारावे लागतील असं रेकॉर्ड करा. फोन बाजूला ठेवून साधा यूएसबी माइक थेट लॅपटॉपला लावा. वाचताना चुकलात की थांबायचं, बाणांनी त्या वाक्याच्या आधीच्या विरामावर यायचं आणि शिफ्ट डी दाबायचं. आधीचे पाच सेकंद हेडफोनमध्ये ऐकू येतात आणि तुम्ही उभ्या असता तिथून नवं रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं. पट्टी, वेग, भाव जुळवून घ्यायला ते पाच सेकंद पुरतात. याला पंच अँड रोल म्हणतात. पुस्तकं वाचणाऱ्यांनी याची सवय लावली तर नंतरचं निम्मं एडिटिंग उरतच नाही.

आवाजाची पातळी डोळस लोक हिरव्या-लाल पट्टीवर बघतात. आपण अख्खा ट्रॅक निवडून इफेक्टमधलं अ‍ॅम्प्लिफाय उघडायचं. आवाजाचं टोक शून्य डेसिबलला न्यायला किती वाढ लागेल तो आकडा तिथं आधीच भरून ठेवलेला असतो. तो ४.२ वाचला गेला तर तुमचं टोक उणे ४.२ वर आहे. आकडा ऐकायचा आणि एस्केप दाबून बाहेर पडायचं. शून्य ऐकू आलं तर आवाज फाटलेला असण्याचा दाट संशय घ्या आणि माइकचा गेन (तो आवाज किती जोरात घेतो ते) कमी करून पुन्हा वाचा, कारण फाटलेला आवाज नंतर धड सांधता येत नाही. पंख्याची घरघर काढायला नॉइज रिडक्शन आहे: आधी नुसत्या घरघरीचा दोन सेकंदांचा तुकडा निवडून ‘नॉइज प्रोफाइल’ घ्यायचं, मग सगळं निवडून तोच इफेक्ट लावायचा. जपून लावा, जास्त झालं की आवाज टिनपाट वाजतो. बार्शीचा उन्हाळा मला माहीत आहे, तरी सांगते, पंखा बंद करून पहाटे वाचा.

एक अडचण फक्त आपल्याच वाट्याला येते, ती म्हणजे स्क्रीन रीडरचा आवाज. तो स्पीकरवर असेल तर माइकमध्ये शिरतो. कुणीतरी जीव ओतून गोष्ट वाचतंय आणि मागं ईस्पीक (एनव्हीडीएचा यांत्रिक आवाज) बारीक आवाजात ‘बटन’ म्हणतोय, असं रेकॉर्डिंग माझ्याकडे महिन्यात एखादं तरी येतं. हेडफोन लावाच. शक्य असेल तर स्वस्तातला दुसरा यूएसबी साउंड अडॅप्टर घ्या, एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये त्याचं बोलणं तिकडे वळवा आणि रेकॉर्डिंगचा माइक वेगळ्या उपकरणावर ठेवा. रीपरकडे गेलात तर हे करावंच लागेल. तिथं एएसआयओ ड्रायव्हर (साउंड कार्डशी थेट बोलणारा दुवा) वापरला की तो अनेकदा साउंड कार्ड एकट्याच्या ताब्यात घेतो आणि एनव्हीडीए एकदम गप्प होतो. कॉम्प्युटर बंद पडला असं वाटून लोक घाबरतात. तो बंद पडलेला नसतो, फक्त त्याचं तोंड दाबलेलं असतं.

मग रीपर कधी? गोष्टीखाली संगीत, दोन पात्रांचे दोन ट्रॅक, मुलाखतीत दोघांचे वेगळे माइक असं काम यायला लागलं की. नुसता रीपर आपल्याशी फारसं बोलत नाही. त्यावर ओसारा नावाचं फुकट एक्स्टेंशन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, बसवावं लागतं. ते जेम्स तेह यांनी सुरू केलं. ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी २००६ मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतला आणि पुढं ज्यांच्या साथीनं तो वाढवला, तेच हे तेह. दोघंही दृष्टिहीन. म्हणून ओसारा नेमकं हवं तेच बोलतो: ट्रॅकचं नाव, तो म्यूट आहे का, रेकॉर्डिंगला सज्ज आहे का, कर्सर कुठं, तुकडा कुठला. ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज गेला तर सांगणारा पीक वॉचरही त्यात आहे. ज्या इफेक्टची खिडकी नुसतं चित्र असते, त्याचे आकडेही तो यादीसारखे वाचायला आणि बदलायला देतो. बसवताना तो स्वतःचा की-मॅप (शॉर्टकट बटणांचा संच) टाकू का विचारतो, हो म्हणा.

रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतो. मग वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. धंद्यासाठी वापरलात तरी वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असेल तर तोच परवाना चालतो. बार्शीत गोष्टी वाचून तुम्ही ती मर्यादा ओलांडलीत तर मला पेढे पाठवा.

गोल्डवेव्ह सुचवणारी मंडळी बहुतेक माझ्या वयाची असतील. १९९३ पासूनचं हे कॅनडातलं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांत फार लाडकं होतं आणि एका फाईलच्या कापाकापीला अजूनही छान आहे. पण ते पैसे देऊन घ्यायचं, आणि तुमचं काम फुकटात होतंय. तेवढ्या पैशांत माइक घ्या.

आणि एक: काम चालू असताना, उद्या फाईल द्यायची असताना, कुठलंही सॉफ्टवेअर अपडेट करू नका. नव्या आवृत्तीत एखादं बटण मुकं झालेलं असू शकतं. जुन्या आवृत्तीची इन्स्टॉलर फाईल जपून ठेवा.

प्रश्न: माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याला दिसत नाही. तबला शिकतो, तीन परीक्षा झाल्या. त्याला आपलं वादन रेकॉर्ड करून त्यावर लेहरा (तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून) बसवायचा आहे. दुकानदार म्हणतो, अशा मुलांसाठी मॅकच घ्यावा लागतो. कर्ज काढून घेऊ का?
— एक पालक, इचलकरंजी

उत्तर: नको. मॅकमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आतच असतो, गॅरेजबँड आणि लॉजिक ही अ‍ॅपलची संगीताची सॉफ्टवेअरं त्याच्याबरोबर चांगली चालतात, हे खरं. पण घरात विंडोजचा बऱ्यापैकी लॅपटॉप असेल तर रीपर आणि ओसारा यांत त्याचं सगळं होईल. घरात कुणाकडे आयफोन असेल तर त्यावरचं गॅरेजबँडही आधी त्याच्या हातात देऊन बघा.

रीपरमध्ये त्याला आवडेल अशी गोष्ट सांगते. प्रोजेक्टचं टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये किती मात्रा ते) १६/४ करा. मग रीपरचा एक बार म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन होतं. बारागणिक पुढं-मागं जाण्याच्या बटणानं तो थेट समेवर उतरेल आणि ओसारा त्याला कितवं आवर्तन, कितवी मात्रा ते सांगेल. रूपकला ७/४, झपतालाला १०/४. चौथ्या आवर्तनातली तिहाई बिघडली तर तेवढंच आवर्तन पुन्हा वाजवून बसवता येतं. एकच अट, त्यानं मेट्रोनोम (ठरल्या लयीत ठोके देणारं साधन) किंवा ठरलेल्या लयीचा लेहरा कानात ठेवून वाजवलं पाहिजे. लय वाढवत नेलेल्या वादनाला ही मोजणी लागू पडत नाही, तिथं त्यानं कानानं ऐकून मार्कर टाकावेत. गुरुजींना हे आधी सांगा. क्लिकवर वाजवणं काहींना आवडत नाही, आणि त्यांचंही चूक नाही.

लॅपटॉप त्याच्या एकट्याचा असू द्या, आणि शिकताना माऊस तुम्ही हातात घेऊ नका. ‘थांब, मी करून देतो’ म्हटलं की त्याला शॉर्टकट कधीच पाठ होणार नाहीत. इंग्रजी समजत असेल तर रीपर वापरणाऱ्या दृष्टिहीन संगीतकारांचा ‘रीपर्स विदाउट पीपर्स’ नावाचा जुना गट आहे. तिथं चौदा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नालाही नीट उत्तर मिळतं.

प्रश्न: आमच्या वाचनालयातल्या आम्ही काही डोळस स्वयंसेवक दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. प्रकाशकाची परवानगी लागते का? आणि फाईल कशी द्यावी? आम्ही सुरुवातीला छान बासरी टाकतो.
— एक वाचनालय कार्यकर्ता, डोंबिवली

उत्तर: कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. कलम ५२(१)(झेडबी) प्रमाणे दिव्यांग व्यक्तींसाठी, नफा न घेता, त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायला परवानगी लागत नाही. मात्र ती प्रत त्यांच्यापुरतीच राहिली पाहिजे. तेच रेकॉर्डिंग यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकलंत तर हे कलम तुमच्या मदतीला येणार नाही.

बासरी काढा. आमच्यातले बरेच जण दीडपट, दुप्पट वेगानं ऐकतात आणि त्या वेगात बासरीची शिट्टी होते. मधल्या प्रकरणांखाली तर संगीत अजिबात नको.

फाईल मोनो एमपी-थ्री, ६४ केबीपीएस. निव्वळ बोलण्याला तेवढं पुरतं आणि अख्खं पुस्तक फोनमध्ये मावतं. (विक्रीसाठीच्या ऑडिओबुकचे नियम वेगळे असतात.) एका प्रकरणाची एक फाईल. नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असा दोन आकडी क्रमांक, म्हणजे दहावं प्रकरण पहिल्याच्या पाठोपाठ वाजत नाही. अभ्यासाचं पुस्तक असेल तर पान बदललं की पान क्रमांक बोला, कारण वर्गात सर ‘पान ८४ काढा’ म्हणतात. तक्ता आला की ‘इथे तक्ता आहे’ म्हणून पुढं जाऊ नका. आधी रकान्यांची नावं वाचा आणि मग एकेक ओळ. हे जमलं की मग डेझी या बोलक्या पुस्तकांच्या खास स्वरूपाकडे वळा, त्यात प्रकरण आणि पान यांवर थेट उडी मारता येते.

आणि पहिलं पुस्तक पूर्ण वाचायच्या आधी एकच प्रकरण तयार करून ज्याला परीक्षेला ते लागणार आहे अशा विद्यार्थ्याला द्या. त्याला वेग, उच्चार, पान क्रमांक सगळं विचारा. तो सांगेल ते बदला, मग उरलेली प्रकरणं स्वयंसेवकांत वाटा.